आधी बाईंना तास, मग वर्गाला पडदा

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि तंत्रज्ञान

प्रश्न : घणसोली गावठाणाजवळ आमच्या विठ्ठल मंदिराच्या ट्रस्टची पहिली ते सातवीची मराठी शाळा आहे. मुलं दीडशेच्या आत, शिक्षक नऊ, शिवाय हरिपाठ आणि पखवाज शिकवायला एक ह.भ.प. महाराज. एका भाविकांनी आषाढी एकादशीला शाळेसाठी चार लाख रुपये जाहीर केले, ‘मुलांना डिजिटल शिक्षण मिळू दे’ म्हणून. लगेच एका कंपनीचा माणूस येऊन गेला. दोन वर्गांत टचचे मोठे पॅनेल, पाच वर्षांचा तयार अभ्यासक्रम आणि शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण, असं पॅकेज आहे. विश्वस्तांना गोकुळाष्टमीला उद्घाटन करायचंय. मागे असाच एक प्रोजेक्टर आला होता, तो सध्या कपाटात आहे. आमच्या तीन बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत, त्यांना या सगळ्याची धास्ती वाटते. महाराज तर स्पष्टच म्हणतात, मोबाइल-टीव्ही शाळेत शिरले की पाठांतर संपलं. मी काय करू? – एक मुख्याध्यापिका, घणसोली

उत्तर : बाई, गोकुळाष्टमीला उद्घाटन होऊ द्या, पण पॅनेलचं नको. ऑर्डरवरची सही थांबवा. देणगीदारांचा मान राखून ती कशी थांबवायची ते पुढे सांगते.

तुम्ही चार लाखांबद्दल विचारलंत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ कपाटातल्या प्रोजेक्टरची आहे. तो का बंद पडला हे तुमच्या स्टाफरूममध्ये कुणाला ना कुणाला नक्की ठाऊक आहे. बहुतेक शाळांत कारणं अशीच निघतात : खिडक्यांना जाड पडदे नाहीत म्हणून दुपारच्या उजेडात भिंतीवर काही दिसत नाही, प्लग एका कोपऱ्यात आणि टेबल दुसऱ्या, जोडाजोडीत दहा मिनिटं जातात आणि तास असतो पस्तीस मिनिटांचा. वर्गासमोर एक-दोनदा फजिती झाली की बाई पुन्हा त्याला हात लावत नाहीत. यात त्यांचं काहीही चुकत नाही. समोर अख्खा वर्ग बसलेला असताना ज्यावर भरवसा नाही अशी वस्तू कोण वापरेल? तेव्हा पुढच्या बैठकीत तो प्रोजेक्टर टेबलावर आणून ठेवा आणि कुणालाही दोष न देता विचारा, हा का थांबला? येतील ती उत्तरं लिहून काढा. तुमच्या आराखड्याचं पहिलं पान ते.

नुसतं यंत्र आणून शिकणं सुधारत नाही, हे मोठ्या प्रमाणावर तपासून झालेलं आहे. पेरू देशात सरकारनं प्राथमिक शाळांतल्या मुलांना एकेक लॅपटॉप दिला. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचं दिसलं नाही. याच्या उलट आपल्या दिल्लीतलं उदाहरण आहे. शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत मुलांना संगणकावर त्यांच्या-त्यांच्या पातळीचे प्रश्न दिले जात, जोडीला लहान गटात मदत करायला माणूस असे. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हीत चांगली वाढ दिसली. हा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. संगणक दोन्हीकडे होते. दिल्लीत मात्र सातवीतल्या मुलाला चौथीचं गणित येत नाही हे आधी शोधलं होतं आणि त्याला तिथूनच उचललं होतं. तुमच्याकडे आलेल्या पॅकेजमध्ये असं काही आहे का, हे कंपनीच्या माणसाला विचारा. सगळ्या वर्गाला एकच चित्रफीत दाखवायची असेल, तर त्यासाठी लाखाच्या वरचं पॅनेल लागत नाही.

आणि ती चित्रफीतही विकत घ्यावी लागत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पुस्तकांत जे क्यूआर कोड छापलेले असतात ते सरकारच्या दीक्षा ॲपमधून उघडतात, आणि त्यावरचं साहित्य आधी उतरवून ठेवलं की वर्गात इंटरनेट नसलं तरी चालतं. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे, गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मोठ्या मुलांच्या शंकांसाठी मराठी विश्वकोश आहे. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. कंपनीच्या तयार अभ्यासक्रमात बऱ्याचदा दुसऱ्याच बोर्डाचे धडे मराठी आवाज चढवून दिलेले असतात. तुम्ही नमुना मागून घ्या आणि तुमच्या चौथीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक शेजारी ठेवून बघा. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो; त्या पॅकेजमध्ये चौथीला काय आहे? पाच वर्षांनी परवाना संपला की पॅनेलवर काय उरतं? काच फुटली तर किती दिवसांत माणूस येईल, आणि त्याचे पैसे कोण देणार? ही उत्तरं लेखी मागा. तोंडी दिलेल्या उत्तराला दुरुस्तीच्या वेळी काही किंमत राहत नाही.

आता शिक्षकांकडे येते, कारण खरा आराखडा तिथेच आहे.

एक दिवसाच्या प्रशिक्षणात बाई वही भरून लिहून घेतात, चहा-बिस्किट होतं, प्रमाणपत्र मिळतं. पण सोमवारी वर्गात उभं राहिल्यावर पहिलंच बटण आठवत नाही आणि विचारायला कुणी नसतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. ते तास कुठून काढायचे, हे मुख्याध्यापकानं ठरवायचं असतं. शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ नका. तुमच्या बाईंना सव्वाबाराची लोकल गाठायची असते, घरी लहान मूल किंवा आजारी सासरे असतात. शिकण्याचा तास वेळापत्रकात छापलेला हवा, गणिताचा असतो तसा. शनिवारी महाराजांना तिसरी ते पाचवी एकत्र सभागृहात भजनाला द्या. तेवढ्या वेळात त्या तीन वर्गांचे शिक्षक मोकळे होतात. पुढच्या शनिवारी बाकीच्या वर्गांचं लेझीम, आणि दुसरा गट मोकळा. महिन्यातून प्रत्येकाला दोन तास सहज मिळतात, एकही पैसा न खर्चता.

त्या तासाला सुरुवात कशानं करायची? वर्गात दाखवायच्या गोष्टींनी करू नका. ज्या कामात बाईंचा जीव जातो, तिथून करा. नऊ जणांना एकेक कोरा कागद द्या आणि लिहायला सांगा, शिकवण्याव्यतिरिक्त कोणत्या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. यूडायसची (सरकारला भरून द्यायची शाळेची) माहिती, हजेरीचे गोषवारे, निकालपत्रक आणि वर्णनात्मक नोंदी, यापलीकडे फारसं काही येणार नाही. मग पहिली गोष्ट तीच शिका.

कळव्याच्या एका शाळेत मी शनिवारी शिकवायला जात असे. तिथे चौथीच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. दर सत्राच्या शेवटी सगळ्या वर्गाच्या नोंदी घरी न्यायच्या आणि रात्री जेवणं आटोपल्यावर लिहीत बसायच्या. टायपिंग जमत नाही म्हणून संगणकापासून चार हात लांब. मी त्यांना त्यांच्याच फोनवर मराठी कीबोर्ड चालू करून त्यातला माइक दाखवला. पहिल्यांदा त्या पुटपुटल्या, फोननं काहीतरी भलतंच लिहिलं. म्हटलं, वर्गात बोलता तशा बोला. मग त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “पाढे तोंडपाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी हे ठरवताना अडखळतो.” स्क्रीनवर अख्खं वाक्य उमटलं, फक्त ‘पाढे’चं ‘पाडे’ झालं होतं. ते त्यांनी चष्मा वर करून क्षणात पकडलं, बोटानं दुरुस्त केलं आणि पुढचा हजेरी क्रमांक घेतला.

त्यांचा वेळ वाचला हे तर झालंच. मला त्याहून मोठी वाटली ती गोष्ट वेगळी आहे. आधीच्या सत्रात निम्म्या वर्गापुढे ‘गणितात प्रगती आवश्यक’ असंच लिहिलेलं होतं, तयार नोंदींच्या पुस्तिकेतून उतरवलेलं. लिहायचा कंटाळा होता. मुलांची ओळख तर त्यांना पूर्ण होती. बोलायला मिळाल्यावर प्रत्येक मुलाबद्दल त्याचीच गोष्ट आली. कोण ‘ण’ आणि ‘न’मध्ये गोंधळतो, कोणाला नकाशा बघितला की उत्तर सुचतं, कोण मागच्या बाकावरून पुढे आणल्यावर बोलायला लागलं. पालकसभेत त्या नोंदी वाचल्यावर आईवडील पहिल्यांदाच प्रश्न विचारायला लागले. शिक्षकाच्या डोक्यात असलेलं कागदावर आणणं, हे तंत्रज्ञानाचं फार चांगलं काम आहे. एक काळजी तेवढी घ्यायची : बोलताना मुलाचं नाव घ्यायचं नाही, फक्त हजेरी क्रमांक. नाव शाळेच्या निकालपत्रकातच राहू द्या.

पन्नाशीच्या पुढच्या तुमच्या तीन बाईंची धास्ती अशीच जाईल. ‘मागे पडलेल्या’ म्हणून त्यांचा वेगळा वर्ग घेऊ नका. उलट त्यातल्याच एखादीला आधी तयार करा आणि बाकीच्यांना तिला शिकवू द्या. आपल्याबरोबरीच्या बाईला जमलं हे डोळ्यांनी बघितल्याचा परिणाम बाहेरच्या तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा कितीतरी जास्त होतो. केरळनं आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प 2001 च्या सुमारास सुरू केला, तेव्हापासून शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवलं. तिथल्या शाळांतले संगणकही मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, परवान्याचे पैसे नाहीत. तुमच्या नऊ जणांत दोन प्रशिक्षक पुरे. त्यांना बाहेर काही शिकायचं असेल तर वाशीहून खाडी ओलांडली की पुढचं स्टेशन मानखुर्द, आणि तिथेच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान आणि गणित मुलांना नेमकं कुठे अडतं याचा इतका बारकाईनं विचार करणारी माणसं आपल्या दाराशी आहेत. पत्र पाठवून भेटीची वेळ मागा, दोघींना पाठवा, आणि त्या दिवशीचा त्यांचा प्रवासखर्च ट्रस्टनं द्यावा.

महाराजांचं म्हणणं मला मनापासून पटतं, पूर्ण नाही पण बरंचसं. युनेस्कोचा 2023 चा जागतिक शिक्षण अहवाल तंत्रज्ञानावरच होता, आणि शाळेत फोन जवळ असला की मुलांचं लक्ष विचलित होतं असंच त्यातही मांडलं आहे. हरिपाठ कानानं शिकायचा असतो. महाराज चाल म्हणतात, मुलं मागून म्हणतात, एखाद्याचा सूर घसरला की महाराजांची नजर त्याच्याकडे जाते. या तासाला पडदा नको, पुस्तकही नको. हा नियम लिहून काढा आणि तो महाराजांनाच लिहू द्या. शाळेत फोन कुठे, कधी, कोणी वापरायचा याची सगळी नियमावली त्यांच्या सल्ल्यानं ठरवली, तर तुमच्या योजनेला सर्वात कडक आणि सर्वात विश्वासू राखणदार मिळेल.

पण त्यांना एक विनंती करून बघा. हरिपाठाचे अभंग त्यांच्या आवाजात, त्यांच्या चालीत, साध्या फोनवर ध्वनिमुद्रित करू द्या. मूल डेंग्यूनं पंधरा दिवस घरी राहिलं तर आई ते लावेल. दुसरं पखवाजाचं. डाव्या तोंडावर लावलेल्या कणकेवर तळहात कसा पडतो, मनगट किती उचललं जातं, हे मागे बसलेल्या दहाव्या मुलाला दिसत नाही. महाराजांच्या हाताची दोन मिनिटांची चित्रफीत घेऊन अर्ध्या वेगानं दाखवली, तर बोल तोच राहतो आणि हात स्पष्ट दिसतो. व्हीएलसीसारख्या फुकट प्लेअरमध्ये वेग कमी करता येतो. पाहून झालं की पडदा बंद आणि हात पखवाजावर. हे मुद्रण शाळेच्या संगणकातच ठेवायचं. महाराजांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय ते यूट्यूबवर किंवा कुठल्या ग्रुपवर जाता कामा नये. ती त्यांची आयुष्यभराची कमाई आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा फडावर आणि गुरूच्या पायाशी मिळणाऱ्या विद्येला त्यांनी शाळेची घडी दिली. त्या परंपरेतल्या माणसाला नव्या साधनाबद्दल तुम्ही सन्मानानं विचारलंत, तर ते ऐकतील असं मला वाटतं.

आता पैशांचं. देणगीदारांना ट्रस्टच्या कार्यालयात बोलवू नका, शाळेत बोलवा, वर्ग चालू असताना. मग ही मांडणी समोर ठेवा. अर्थिंग, नवे प्लग आणि यूपीएस यांना पन्नास हजार. घणसोलीत खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे विजेचं काम आधी. एक साधा 43 इंची टीव्ही चाकांच्या स्टँडसह, चाळीस हजारांच्या आत. शिक्षकांसाठी दोन लॅपटॉप, नव्वद हजारांपर्यंत. दहा महिन्यांसाठी एक अर्धवेळ मदतनीस शिक्षिका, महिना दहा हजारांनी एक लाख, म्हणजे एक बाई दुसऱ्या बाईंच्या वर्गात जाऊन बसू शकतील, बघू शकतील, आपल्या वर्गात करून बघू शकतील. हे चार मिळून दोन लाख ऐंशी हजार होतात. उरलेले एक लाख वीस हजार मुदत ठेवीत, पुढच्या तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी. मला यातली सगळ्यात महत्त्वाची रक्कम त्या मदतनीस शिक्षिकेची वाटते. ती फोटोत दिसत नाही, म्हणून देणगीदारांना ती नीट समजावून सांगावी लागेल.

आणि उद्घाटन? शाळेतली एक खोली शिक्षकांची सराव-खोली करा. दोन लॅपटॉप, तो कपाटातला प्रोजेक्टर, जाड पडदे, दारावर देणगीदारांच्या दिवंगत आईवडिलांच्या नावाची पाटी. गोकुळाष्टमीला फीत तिथे कापा. टीव्ही दिवाळीनंतर घ्या, तोही आधी एकाच वर्गात, ज्या बाई स्वतःहून मागतील त्यांच्याच.

ऐरोली-महापेतल्या कंपन्या जुने संगणक देऊ करतात, ते घेताना एवढंच बघा. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि बरेच जुने संगणक विंडोज 11 घेत नाहीत. अशांवर विंडोज आणि ऑफिसऐवजी उबुंटू आणि लिब्रे ऑफिस ही फुकट सॉफ्टवेअर घालून घ्या, प्राथमिक शाळेच्या कामाला ते पुरतं. नवं मराठी लेखन युनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखी दिसतात. ट्रस्टच्या जुन्या पावत्या आणि पत्रिका श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर दुसऱ्या संगणकावर त्यांची अक्षरं विस्कटतात. बंद पडलेलं यंत्र भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडे द्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि तुम्ही विचारली नसली तरी सांगते. ट्रस्टचं फेसबुक पान असतं, त्यावर शाळेच्या दिंडीचे फोटो येतात, खाली मुलाचं नाव, इयत्ता, कधी वडिलांचंही नाव. हौसेनं टाकलेले असतात, पण लहान मुलाचा चेहरा, नाव आणि शाळेचा पत्ता एकत्र जगासमोर ठेवणं धोक्याचं आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. दिंडीचा लांबून घेतलेला, पताकांचा, टाळांचा फोटो टाका की. कुठल्याही ॲपला मुलांचे आधार क्रमांक देऊ नका, कंपनीनं कितीही ‘फक्त नोंदणीसाठी’ म्हटलं तरी.

प्रश्न : मुंब्रा-कौसा भागात आमच्या मशिदीला जोडून मकतब, म्हणजे मुलांना कुराण शिकवायचा वर्ग, चालतो. संध्याकाळी चाळीसेक मुलं येतात, दिवसा ती नेहमीच्या शाळेत असतात. आम्ही काही तरुणांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस संगणक आणि गणित शिकवायचं ठरवलंय. आम्हाला शिक्षणहक्क कायद्याच्या अटी लागतात का? तिथे कुराण शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांना यात कसं घ्यावं? – एक वाचक, कौसा

उत्तर : शिक्षणहक्क कायदा 2009 चा, त्यात 2012 ला दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा व मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या. तेव्हा त्या अटी तुम्हाला नाहीत. राज्याची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना 2013 पासून आहे, ती नोंदणीकृत मदरशांसाठी; त्यात गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या मानधनाची सोय आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याची चौकशी जरूर करा.

मुलं दिवसभर शाळा करून थकून येतात, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांना आणखी एक शाळा नको असते. एका जुन्या लॅपटॉपवर कोलिब्री हे मुक्त सॉफ्टवेअर घालून घ्या, धडे एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालतं. स्टोरीवीव्हरवर उर्दू आणि मराठी दोन्ही गोष्टी आहेत, त्या छापूनही वाचता येतात. दोन मुलांना एक संगणक द्या, एक करेल आणि दुसरं सांगेल. दोघंही एकट्यानं करण्यापेक्षा जास्त बोलतात आणि बोलताना शिकतात.

हाफिजसाहेब मुलाचा उच्चार एका अक्षरावर थांबवून पुन्हा म्हणून घेतात, दहा-दहा वेळा, न चिडता. हा धीर गणित शिकवणाऱ्या तरुणांमध्ये सुरुवातीला कमी असतो. म्हणून तुम्ही आधी त्यांच्या तासाला मागे जाऊन बसा, ते मुलाची चूक कशी पकडतात ते बघा आणि मग आपला वर्ग घ्या. त्यांना संगणक यायलाच हवा असं काही नाही. वर्गात त्यांची खुर्ची असू द्या, मुलंही शांत राहतात आणि पालकांचाही विश्वास बसतो. स्वयंसेवकांचं वेळापत्रक परीक्षेच्या महिन्यांतसुद्धा टिकेल असं आखा, भले आठवड्यातून एकच दिवस ठेवा. मुलं वाट बघत बसतात आणि दादा येत नाही, असं होता कामा नये.

प्रश्न : मी ठाण्यात चर्चच्या शाळेत बालवर्गाला शिकवते, वय 53. तरुण सहकारी संगणक शिकवतात, पण पटापट करून दाखवतात आणि मला काहीच राहत नाही. चुकीचं बटण दाबलं तर सगळं जाईल अशी भीती वाटते. – एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : तुमचं न राहण्याचं कारण तुमच्या वयात नाही, शिकवण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही बालवर्गाला अक्षर गिरवायला शिकवता तेव्हा खडू मुलाच्या हातात देता ना? सहकाऱ्यांना नम्रपणे एकच अट घाला : माउस माझ्या हातात राहील, तुम्ही फक्त तोंडानं सांगायचं. त्यांना सुरुवातीला अवघड जाईल, हात शिवशिवतील, पण याच अटीवर शिका. वहीत पायऱ्या तुमच्या शब्दांत लिहा, त्यांच्या नको.

भीतीवर उपाय म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकून घ्या. कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकत्र दाबली की शेवटची कृती परत फिरते. पुन्हा दाबली की त्याआधीची. आणि कुठल्याही फाइलवर काम करण्याआधी तिची प्रत काढून त्या प्रतीवरच सराव करायचा. मग मुद्दाम चुका करून बघा. अख्खा परिच्छेद पुसा, परत आणा. फाइलचं नाव बदला, पुन्हा पहिलं द्या. एक तास नुसतं हेच केलंत तरी हरकत नाही. त्यानंतर तुमच्या वर्गाची वाढदिवसांची यादी करायला घ्या, नाव आणि तारीख, दोनच रकाने. ती महिन्यांप्रमाणे लावायला शिकलात की वर्गात फळ्याशेजारी लावा, आणि पुढच्या वेळी काय अडलं ते मला लिहा.